जागल्या उडत नाही

"तो उडत नाही," ती म्हणाली, आणि लिफ्टमधली माणसं कुतूहलानं तिच्याकडे वळली.

बोलायचं खरं तर काही कारण नव्हतं. वरच्या मजल्यावरची चिमुरडी आईचं बोट धरून उभी होती. अंगात झोपायचा झगा, झग्याच्या पोटावर तो डोळा: दोन कमानी आणि मध्ये एक टिंब. म्हातारी माणसं पोरांशी बोलतात तसं तिनं सहज विचारलं, हा कोण गं बाई तुझ्या पोटावर? मुलीनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जागल्या." काय करतो तो? "उडतो." इथं अरे वा म्हणायचं, गालाला हात लावायचा आणि आपला मजला आला की उतरून जायचं. सगळे असंच करतात. पण तोंडातून शब्द निसटले ते निसटलेच. वर आणखी पुस्ती जोडली, "चालत जातो तो. पाय दुखतात त्याचे." मुलीची हनुवटी थरथरायला लागली. आई हसली, पण ते हसणं औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं नुसतं चिकटवलेलं होतं. "आजी, ते सगळेच उडतात हो," असं म्हणून तिनं मुलीला जवळ ओढून घेतलं. जणू म्हातारीनं पोरीला चिमटाच काढला होता.

दारात उभं राहून तिनं किल्ली कुलपात घातली, तीही उलटी. वेडीच आहे मी, ती स्वतःशीच पुटपुटली. एवढ्याशा पोरीशी भांडले. पण तोंडातून गेलेलं ते वाक्य पाठ सोडेना. पाय दुखतात त्याचे. हे वाक्य तिच्याच हातचं. जागल्या पहाटे घरी येतो, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसतो, बादलीत कढत पाणी ओततो आणि त्यात पाय सोडून भिंतीला डोकं टेकतो. डोळे मिटत नाहीत, नुसतं टेकतो. दर चित्रगोष्टीच्या शेवटी ही चौकट असायची. बादली, वाफ, पाय. तिला ती चौकट सगळ्यांत आवडायची. आज हे शहरात कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतील, कुठली बादली? डोळा मात्र ज्याला त्याला ठाऊक. पोरांच्या दप्तरांवर डोळा, दात घासायच्या पेस्टवर डोळा, चौकातल्या रखवालदारांच्या जाकिटांच्या पाठीवर डोळा. आणि मोठ्या रस्त्यावर, पुलाच्या तोंडाशी, गाद्यांच्या कंपनीच्या भल्याथोरल्या फलकावर जागल्या स्वतः, हवेत आडवा, पांघरूण फडफडतंय, आणि खाली ते वाक्य: झोपा खुशाल, मी जागा आहे. ज्या माणसाला जन्मात झोप नाही त्याच्या जिवावर गाद्या खपत होत्या. तो फलक पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती रस्त्यातच हसत सुटली होती आणि बरोबर असलेला नवरा म्हणाला होता, काय झालं गं?

नवरा आत खुर्चीत पेपर मांडीवर पसरून बसला होता. पेपर वाचता वाचता त्याची मान कलली होती. झोप ही त्याला देवानं दिलेली देणगी. बसल्या जागी, उभ्या जागी, गाडीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही डोळा लागायचा. "अहो," ती म्हणाली, "ती पोरगी आज दुपारी यायची आहे." "कोण पोरगी?" "प्रदर्शनवाली." "हां हां," तो म्हणाला आणि सरळ बसला. "मग बिस्किटं आहेत का घरात?" ती बरं म्हणून स्वयंपाकघरात गेली. बिस्किटं होती.

ज्या कंपनीनं जागल्याचे हक्क घेतले होते ती आता त्याचं मोठं प्रदर्शन भरवणार होती. विषय असा, की जागल्या घराघरांत का पोचला. त्याच सुमाराला निघालेले कितीतरी वीर होते, कुणी आग ओकायचा, कुणी पाण्याखाली राहायचा, त्यांची आज कुणाला नावंही आठवत नाहीत. मग हाच का उरला? मुलगी फोनवर फार आर्जवानं बोलली होती. "तुम्ही त्या साप्ताहिकाच्या ऑफिसात टायपिंग करायचात ना? चित्रकारांच्या आठवणी हव्या होत्या." ती हो म्हणाली. टायपिंगही करायचीच ती. मुद्रितं तपासायची, पोरांच्या पत्रांना उत्तरं लिहायची, संपादकांचा चष्मा शोधून द्यायची, आणि दर आठवड्याला जागल्याची गोष्ट लिहायची. पहिल्या अंकाच्या वेळी संपादक कानकोंडे होऊन म्हणाले होते, "बाई, राग मानू नका. पण नायक पोरांचा, आणि लिहिणारी बाई? पोरं हात लावायची नाहीत." म्हणून छापून आलं ते असं: कल्पना आणि चित्रं, आणि पुढं चित्रकाराचं नाव. चित्रकाराला सगळे लांबू म्हणत. उंचच्या उंच, पाठीत वाकलेला, भला माणूस. पहिले काही महिने तो ओशाळून तिच्या टेबलाशी घुटमळायचा, बाई तुमचं नाव यायला हवं होतं म्हणायचा. मग म्हणायचा थांबला. मग कुठल्याशा सत्कारात जागल्या मला कसा सुचला ते त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले होते असं तिनं ऐकलं. खोटं बोलत होता असंही नाही. माणसाला सवय होते. लांबू जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या मनात तो अजून टेबलाशी घुटमळत होता आणि तिनं अजून त्याला बसा म्हटलेलं नव्हतं.

मुलगी वेळेवर आली. केस आखूड, पाठीला पिशवी, दारातच वाकून बूट काढता काढता बोलायला सुरुवात. नवऱ्यानं उठून तिचं स्वागत केलं, हवापाण्याचं विचारलं, आणि तुमचं चालू द्या म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडला. दार त्यानं अर्धवट लोटून घेतलं. तो आत आहे याचं तिला बरं वाटलं. अशा गोष्टी बोलताना घरात एक तरी जाणतं माणूस असावं. मुलीनं आवाज टिपायचं छोटंसं यंत्र टेबलावर ठेवलं, त्याचा लाल दिवा लागला. "आजी, मी आधी माझं काय काम आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला बोलायला सोपं जाईल," असं म्हणून तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. बस थांब्यावर, केस कापायच्या दुकानांत, दवाखान्यांच्या रांगांत जाऊन तिनं लोकांना एकच सांगितलं होतं: न बघता जागल्या काढून दाखवा. ज्याला चित्र येतं त्यानंही आणि ज्याला पेन्सिल धरता येत नाही त्यानंही. ती एकेक कागद टेबलावर मांडत गेली. डोळा, डोळा, डोळा. कुठं लांबट, कुठं वाटोळा, पण डोळाच. पांघरूण. नाकापर्यंत फडकं. "बघितलंत? सगळ्यांना येतो. तीन रेघांत येतो. मोठ्या वीराची पहिली खूण हीच, की तो लहान मुलाला भिंतीवर खडूनं काढता आला पाहिजे. दुसरी, त्याला चेहरा नको. चेहरा नसला की कुणीही त्याच्या जागी उभं राहू शकतं. आणि तिसरी, एक वाक्य. असं वाक्य की जे आईसुद्धा मुलाला म्हणू शकते. लांबूकाकांना हे सगळं कसं काय कळलं असेल हो त्या काळात?"

तिला हसू आलं, पण गिळलं. कळलं कसं! डोळा तिनं सांगितला होता, पण तो असा नव्हे. खाली सुजलेला, पापणीवर ओझं आलेला, कडांना रेघांचं जाळं, जागरणानं लाल झालेला डोळा. लांबूनं तसाच काढला होता, आणि फार सुरेख काढला होता. पण साप्ताहिकाचा कागद म्हणजे टीपकागदाचा सख्खा भाऊ. पहिल्या अंकात त्या बारीक रेघांत शाई भरली आणि जागल्याच्या छातीवर नुसतं काळं डबकं छापून आलं. छपाईवाला म्हणाला, रेघा कमी करा. दुसऱ्या अंकात खालची सूज गेली, तिसऱ्यात जाळं गेलं, आणि महिन्याभरात दोन कमानी नि एक टिंब उरलं. थकवा त्या कागदाला पेलला नाही. चेहरा नाही, कारण लांबूला एकच चेहरा दोनदा काढता येत नसे. या चौकटीतला जागल्या पुढच्या चौकटीत त्याचा मावसभाऊ दिसायचा, आणि पोरं पत्रातून विचारायची की हा कोण नवीन. म्हणून फडकं. आणि ते वाक्य? एका आठवड्याला ती रजेवर होती, मुलगा व्हायचा होता तिला. गोष्टीत जागल्या एका खिडकीपाशी थांबतो, आतलं माणूस विचारतं कोण आहे, आणि तो म्हणतो, "मी." एवढंच. पण लांबूनं बोलण्याचा फुगा नको एवढा मोठा काढून ठेवला आणि त्यात तो एकटा "मी" केविलवाणा दिसायला लागला. अक्षरं काढणारा गृहस्थ गंमत्या होता. त्यानं जागा भरायची म्हणून आपल्या मनानं लिहून टाकलं, झोपा खुशाल, मी जागा आहे. पुढच्या आठवड्यात पोरांची पोतंभर पत्रं आली. बाळंतपणाहून परत आल्यावर तिनं ते वाचलं, तेव्हा आपल्या घरात कुणी परका माणूस येऊन आपल्या खुर्चीवर बसलाय असं तिला वाटलं होतं.

हे सगळं तिनं मुलीला सांगितलं. सावकाश, क्रमानं. मुलगी मध्येमध्ये हसत होती, अगंबाई म्हणत होती, डोळे मोठे करत होती. कागदाचं ऐकून तर तिनं टाळीच वाजवली. "म्हणजे अडचणीतून झालं सगळं! कित्ती भारी. आणि तो पंखासारखा जो आहे, ज्यानं उडतो तो?"

"ते पांघरूण आहे," ती म्हणाली. "रात्री कुणाच्या उशाशी बसायचं असलं की माणूस खांद्यावर पांघरूण ओढून घेतो ना? तसं. तो उडत नाही. उडवला तो पुढच्यांनी. लांबूला चालणारे पाय काढता येत नसत, म्हणून तो ते पांघरूण लांब करून पाय झाकायचा. पाय दिसेनासे झाले, तेव्हा लोकांना वाटलं उडतोय."

"तुम्हाला गोष्टींबद्दल बरंच माहीत आहे."

"गोष्टी मीच लिहायचे," ती म्हणाली.

बोलून झालं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं मनात किती वेळा आणि कुठं कुठं बसून म्हटलं होतं. कधी कडक आवाजात, कधी सहज, जाता जाता सांगितल्यासारखं, कधी भर सभेत उभं राहून. समोरच्याचा चेहरा कसा होईल तेही तिनं रंगवलेलं होतं. मुलीचा चेहरा तसा काहीच झाला नाही. "खरंच? सगळ्या?" ती आनंदानंच म्हणाली. "मस्त! हे मला नोंदवायलाच हवं. तुमचं नाव पाटीवर नक्की घालते." आणि तिनं नोंदवलंसुद्धा. मग पेन्सिल गालाला लावून विचार करत म्हणाली, "पण गंमत बघा ना आजी. इतक्या लोकांना मी विचारलं, जागल्याची एखादी गोष्ट सांगा. एकालाही येईना. एकालाही! आवडतो सगळ्यांना, अंगावर घालतात, मुलाला त्याच्या नावानं झोपवतात, पण गोष्ट नाही. आधी मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग लक्षात आलं, हेच तर उत्तर आहे. ज्याच्या गोष्टी वाचाव्या लागतात तो वाचणाऱ्यांचा असतो. ज्याच्या विसरल्या तरी चालतात तो सगळ्यांचा होतो." आणि मग एकदम जीभ चावून, "म्हणजे तुमच्या गोष्टी वाईट होत्या असं नाही हं."

"नाही, कळलं मला," ती म्हणाली. खरंच कळलं होतं. पोरगी हुशार होती. एवढी वर्षं आपल्या हातून हिसकावून नेलं म्हणून ती ज्याचं दुःख करत होती, ते आज कुणीतरी उदारपणे परत दिलं होतं, आणि हातात घेऊन पाहते तर त्यात काही नव्हतंच. चोरी झाली ती डोळ्याची, फडक्याची, वाक्याची, आणि यातलं एकही तिचं नव्हतं. तिचं होतं ते कुणी चोरलंही नव्हतं. ते पडून कुजलं होतं. तिनं समोरचे कागद उगाच चाळायला घेतले. आणि गठ्ठ्याच्या तळाशी एक निघाला, निळ्या पेनानं काढलेला, वेडावाकडा. त्यात जागल्या हवेत नव्हता. स्टुलावर बसला होता. पाठ वाकलेली, खांद्यावर पांघरूण, हात गुडघ्यांवर, आणि समोर एक आडवी रेघ, ती खाट असावी. छातीवर डोळा काढायचा राहूनच गेला होता.

"हे कुणी काढलं?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

मुलीनं वाकून पाहिलं. "ते होय! आठवत नाही हो. दवाखान्याच्या रांगेतल्या एक बाई होत्या बहुतेक. ते चुकलंय, मी मोजणीत नाही धरलं." तिनं तो कागद हळूच तिच्या बोटांतून काढून घेतला, इतरांच्या कडा जुळवून गठ्ठ्यात सारला आणि गठ्ठ्याला रबर लावलं.

त्या स्टुलावर कोण बसलं होतं ते ती बोलली नाही. स्टूल लोखंडी होतं, त्याचा एक पाय आखूड होता आणि खाली पुठ्ठा घातलेला होता. खाटेवर पिंगी, तिची पहिली पोर. नाव दुसरंच ठेवलं होतं, पण जन्मल्यापासून ती पिंगळ्यासारखे मोठे डोळे करून बघत राहायची म्हणून पिंगी. हृदयाला छिद्र होतं. डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं होतं, रात्री लक्ष ठेवा, श्वास अडकला की पाठ चोळा, उभं धरा. नवऱ्याची पाणीपुरवठ्यातली नोकरी, उजाडायच्या आत पंपावर हजर व्हावं लागे. म्हणून रात्र तिची. तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि ती स्टुलावर, खांद्यावर त्याचंच पांघरूण. त्या दिवसांत तिला वाटायचं, या वस्तीत आपण एकटीच जागी आहोत आणि बाकी सगळं जग आपल्या भरवशावर झोपलंय. आपण पापणी लववली तर सगळंच कोसळेल. तिनं लववली नाही. शेवटच्या दिवशी तर भर सकाळ होती, ऊन खाटेपर्यंत आलेलं. ती टक्क जागी होती, डोळे उघडे, हात पोरीच्या पाठीवर. आणि तिच्या डोळ्यांदेखत पोर गेली. चूक कुणाचीच नव्हती. लोक म्हणाले, तुझा डोळा लागला असेल गं, त्यात तुझा काय दोष. डोळा लागला असता तर बरं झालं असतं. निदान कारण मिळालं असतं. जागं राहून काही होत नाही, ही तेवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात पक्की कळली, आणि पुढं साप्ताहिकात नोकरी लागली तेव्हा तिनं ती लिहायला घेतली. पोरांसाठी म्हणून, विनोद घालून, चोर नि गुंड घालून, पण लिहायची होती तीच. बारा-तेरा वर्षं ती त्या गोष्टीच्या अवतीभवती फिरत राहिली. शेवटी लिहिली. जागल्या एका घरात रात्रभर बसून आहे, जागा आहे, सगळी शक्ती जवळ आहे, आणि तरी समोरचं मूल वाचत नाही. संपादकांनी वाचून कागद खाली ठेवले. "बाई, आपला गडी हरत नाही," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, जरा मऊ आवाजात, "दुसरं काही द्या." तिनं दुसरं काही दिलं नाही. पुढच्या महिन्यापासून एक तरुण लिहायला आला. त्यानं पहिल्याच गोष्टीत जागल्याला उडवलं.

"आजी, एक शेवटचं," मुलगी म्हणत होती. तिनं यंत्र तिच्या आणखी जवळ सरकवलं. "मी लोकांना विचारलं, जागल्या झोपत का नाही? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी म्हणतं शाप आहे, कुणी म्हणतं औषधाचा प्रयोग फसला. एक रिक्षावाला म्हणाला, हप्ते असतील डोक्यावर." ती हसली. "आता तुम्हीच लिहीत होतात म्हटल्यावर तुम्हाला खरं ठाऊक असणार. मला ते प्रदर्शनाच्या दाराशी लावायचंय. भिंतभर. मोठ्या अक्षरांत. त्याखाली तुमचं नाव. का झोपत नाही तो?"

आतल्या खोलीत खाट करकरली. म्हणजे तो जागा होता, ऐकत होता. तिला एकदम धीर आला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. तिच्या ओठांवर ते आलंच होतं. मोठे डोळे, लोखंडी स्टूल, खाटेवरचं ऊन. आणि मग तिला ती भिंत दिसली. भिंतभर अक्षरं, वर झगझगीत दिवे, आणि त्या अक्षरांसमोर पाठ करून उभे राहिलेले लोक, हात उंचावून स्वतःचे फोटो काढणारे. पोरांच्या हातात फुगे. बाहेर पडायच्या वाटेवर दुकान, दुकानात उशांचे अभ्रे. पुढं कुणीतरी हुशार माणूस म्हणेल, त्या बाळाचंही काहीतरी करू या, लोकांच्या काळजाला हात घालतं ते. पिंगीच्या डोळ्यांच्याही दोन कमानी आणि एक टिंब होईल. जे काही त्यांच्या हाती पडतं त्यातला थकवा ते काढून टाकतात. वाईट हेतूनं नव्हे. त्यांना तो पेलत नाही.

"खास असं काही नाही," ती म्हणाली. "संपादकांना दर आठवड्याला एक गोष्ट हवी होती. न झोपणारा माणूस असला की त्याच्याकडे वेळ भरपूर."

मुलीनं पेन्सिल कागदावर टेकवली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे कारणच नाही! आजी, हे तर त्याहून भारी आहे. कारणच नाही, म्हणून ज्याला हवं ते त्यानं भरावं." तिनं भराभर लिहून घेतलं, यंत्र बंद केलं, बिस्किट अर्धं खाल्लं, अर्धं हातात घेऊन बूट घातले. दारात वळून वाकून नमस्कारही केला. प्रदर्शनाला नक्की या, गाडी पाठवते म्हणाली. ती हो हो म्हणाली. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला तेव्हा ती अजून दाराची मूठ धरून उभी होती.

कपबशा उचलताना तिला विलक्षण हलकं वाटत होतं. वाचवलं मी, तिच्या मनात आलं. त्या वेळी नाही, पण आता तरी. एक गोष्ट उरली, जी कुणाच्या छातीवर नाही. ती दोघांची आहे. तो कधी बोलला नाही, पोर गेल्यावर तिचं नावदेखील त्यानं काढलं नाही, आणि त्यावरून तिनं सुरुवातीला फार त्रागा केला होता. पण दर आठवड्याला पंपावरून येताना तो साप्ताहिक विकत घेऊन यायचा. ऑफिसातून तिला फुकट मिळत असूनही. घडी घालून शर्टाच्या आत, घामानं भिजू नये म्हणून. आणून न बोलता टेबलावर ठेवायचा. वाचतो आहे तो, ती समजली होती. बोलता येत नाही बिचाऱ्याला, पण वाचतो आहे. बादली, वाफ, पाय, स्टूल. त्याला सगळं कळतंय. जगात एक वाचक आहे, आणि एक पुरेसा आहे. या एका समजुतीवर तिनं त्याचं घोरणं, त्याचं गप्प राहणं, भिंतीकडे वळलेली ती पाठ, सगळं माफ करून टाकलं होतं.

तो चपला फरफटत बाहेर आला. केस एका बाजूनं चपटे झालेले. "गेली का ती? चुणचुणीत आहे हो. शेवटी काय विचारत होती?"

"विचारत होती, तो झोपत का नाही."

"मग?"

"नाही सांगितलं मी."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. ती त्याच्याकडे वळली, ओल्या हातांनीच. त्यानं बशीतलं उरलेलं बिस्किट उचललं, कडेनं तुकडा मोडला, चावता चावता खिडकीबाहेर बघत राहिला. मग काहीतरी सुचल्यासारखं तिच्याकडे पाहून म्हणाला, "पण खरंच, का गं झोपत नाही तो?"

तिला वाटलं थट्टा करतोय. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. नुसतं कुतूहल होतं, निर्मळ, त्या लिफ्टमधल्या माणसांसारखं.

"तुम्ही वाचायचात ना," ती म्हणाली. "दर आठवड्याला आणायचात."

"आणायचो तर! तुझं ऑफिस, खप वाढायला नको? चित्रं बघायचो मी. चित्रं झकास काढायचा लांबू. वाचायला मेला वेळ कुठं असायचा, डोळे मिटायचे." तो हसला. "सांग की. इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाचा तिला राग यायला हवा होता, पण रागाला धरायला काही सापडेना. समोर एक म्हातारा बसला होता, शर्टावर बिस्किटाचा चुरा, आणि तो वाट बघत होता. ती सांगू शकली असती. एका शब्दाचं काम होतं, त्याच्या स्वतःच्या मुलीचं नाव. ते घेतलं असतं तर त्याचा चेहरा कसा झाला असता, तो रडला असता की उठून आत गेला असता, तिला ठाऊक नव्हतं, आणि एकदम तिच्या ध्यानात आलं की आता तिला ते जाणून घ्यायचंही नाही.

"दुसऱ्यांना झोप लागावी म्हणून," ती म्हणाली.

"हां, बरोबर," तो समाधानानं म्हणाला. "तेच ते. असंच असणार." त्यानं चुरा झटकला, पेपर पुन्हा मांडीवर घेतला आणि चष्मा लावला. ती मोरीपाशी गेली आणि नळ सोडून कपबशा विसळायला लागली. थोड्या वेळानं पेपर सरकून खाली पडल्याचा आवाज आला. तिनं नळ जरा मोठा केला.